पकड

मुणगेकर वकिलांनी बजावलं होतं,
'शिगवण, तिथं मर्दुमकी नको.
दुखलं की दुखलं म्हणायचं,
दुखायच्या थोडं आधीच म्हणायचं.'
मी मान हलवली. मान हलते अजून,
डावीकडे जरा कमी.

परळचं इस्पितळ, तिसरा मजला,
दाराशी चपलांचा ढीग.
तांडेलबाई, माझ्या थोरलीच्या वयाच्या,
त्यांनी मनगटाला ठोके मोजणारा पट्टा बांधला
आणि हातात दिला एक लोखंडी चिमटा.
'दाबा काका. पूर्ण जोर.'
काटा सरकला. लिहिलं.
'परत.' लिहिलं. 'परत.'
मग उजवा, डावा, उजवा, डावा, भराभर,
विचार करायला फुरसत मिळू नये म्हणून.
तिसऱ्या फेरीत उमगलं,
हे यंत्र नुसती पकड मोजत नाही,
मी किती चोरतोय तेही मोजतं.

'दुखणं किती? शून्य ते दहा.'
भिंतीवर सहा तोंडं काढलेली,
पहिलं हसरं, शेवटचं रडवेलं.
तीस वर्षं दारूखान्यात पत्रे मोजले मी,
जाडी बोटानं सांगायचो, वजन नजरेनं,
काट्यावर चढवलं तर किलो-दोन किलोचा फरक.
पण हे असलं माप कधी हाती आलं नव्हतं.
प्लेट सुटली तेव्हा दहा धरायचे?
की सेठ म्हणाला 'घरी जा, उद्या बघू'
आणि तो उद्या एकवीस महिने चालला,
तेव्हा?
म्हटलं, सहा लिहा.
'नक्की?'
पाच लिहा. साडेपाच असतं का हो?

खुंट्या भोकांत बसवल्या.
व्हरांड्यात सहा मिनिटं चाललो,
शिडीच्या चार पायऱ्या चढलो, उतरलो.
शेवटी लाल क्रेट. आत वाळूच्या पिशव्या,
सुतळीनं तोंडं शिवलेल्या.
त्या सुतळीचा वास आला आणि घात झाला.
वकील गेले, दावा गेला,
पाय आपोआप फाकले, गुडघे वाकले,
इब्राहीम मुकादमानं शिकवले होते तसे,
आणि तोंडातून हाळी निघाली, 'हांऽ, घे रे!'
पलीकडून घेणारा कुणी नव्हता.
अठरा किलो. कमरेपर्यंत. मग छातीपर्यंत.
खांद्यात कुणी तापलेली सळई फिरवली.
'काका, थांबा. थांबा म्हटलं ना!'
थांबलो नाही. का, ते मला विचारू नका.
खाली ठेवलं तेव्हा पट्ट्यावर एकशे अठ्ठेचाळीस.
बाईंनी पेनाला टोपण लावलं
आणि बराच वेळ खिडकीबाहेर पाहिलं.

महिन्यानं कागद आला.
पूर्वीच्या कामास अपात्र. हलक्या कामास पात्र.
विमा कंपनीच्या माणसानं 'पात्र'खाली हिरवी रेघ ओढली,
वकिलांनी 'अपात्र'खाली लाल.
मी मधल्या पूर्णविरामाकडे बघत बसलो.

हलकं काम. दारूखान्यात हलकं काय?
तिथला चहावालासुद्धा
पंचवीस माणसांचा चहा एका हातावर पेलतो.
आणि आमच्या गावी हलकं काम म्हणजे निराळंच,
ते करायला लागू नये म्हणून तर
आजा माझा बोटीत बसला होता.

तळाशी टक्के, पस्तीस.
धाकटी यंदा दहावीला. वाचून म्हणाली,
'बाबा, काठावर पास.'
तिची आई तिला दटावायला गेली
आणि आधी हसली तीच.
मीही हसलो. हसताना बरगडीमागं दुखतं,
त्याला त्या कागदात रकाना नाही.

तारीख बावीसची.
वकील म्हणतात, तिथं विचारतील,
'एवढं दुखत होतं, तर अठरा किलो उचललंत कसे?'
पाठ करून घ्या उत्तर.

पाठ काय करायचंय.
उचलले, साहेब. खोटं कशाला बोलू.
आता त्यांनाच विचारा, ही मागं बसलीय,
दुसऱ्या दिवशी मला शर्ट कुणी घातला.